‘१० ते १२ फोन नको’ : एका वेळी एकच काम करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या ऑफिसच्या आतल्या दाराला एक पुठ्ठा टांगलेला आहे : ‘सकाळी १० ते १२ फोन, चौकशी, गप्पा बंद. एक काम चालू आहे.’ खाली तेच कन्नडमध्ये. (बाहेरची पाटी नियमाप्रमाणे साठ टक्के कन्नड. हा पुठ्ठा हातानं लिहिलेला, ज्याला जे वाचता येतं ते त्यानं वाचावं.) मी जीएसटीची विवरणपत्रं भरतो, दुकानांचे आणि छोट्या फाउंड्र्यांचे हिशेब लिहितो. पुठ्ठा लावल्यापासून हिशेबापेक्षा पुठ्ठ्याबद्दलच जास्त विचारणा होते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं लिहून ठेवतोय, म्हणजे तेसुद्धा १० ते १२ मध्ये विचारायला नकोत.

पुठ्ठा लावायची वेळ का आली ओ?

माझ्याच चुकीनं. एका घाऊक साडीवाल्याची बिलं चढवत होतो. त्याच्या एका गिऱ्हाइकाची दुकानं दोन, एक निपाणीला आणि एक गडहिंग्लजला. मालक एक, पॅन एक, त्यामुळं जीएसटीचा पंधरा अक्षरांचा नंबर जवळजवळ सारखाच. निपाणीचा २९ नं सुरू होतो, गडहिंग्लजचा २७ नं. कर्नाटकातल्या कर्नाटकात माल गेला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर), महाराष्ट्रात गेला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर). सीमेवर धंदा करणाऱ्याला हे झोपेतही माहीत असतं. मलाही होतं.

महिन्याची ११ तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ चा, विक्रीच्या विवरणपत्राचा, शेवटचा दिवस. गडहिंग्लजचं बिल हातात, यादीत एकाखाली एक दोन सारखी नावं, आणि फोन वाजला. ‘साहेब, माझं झालं काय?’ ‘दुपारी या.’ एवढंच बोलणं. पुन्हा स्क्रीनकडं वळलो आणि वरचं नाव निवडलं. वरचं निपाणीचं होतं. गडहिंग्लजच्या दुकानाला त्या मालावरच्या कराची क्रेडिट, म्हणजे वजावट, दिसेना, त्यानं साडीवाल्याचे पैसे अडवले, साडीवाल्यानं मला धरलं. दुरुस्त्या, खुलासे, माफीचा चहा यांत दोन महिने गेले.

पुढं अमेरिकेतल्या मिशिगनमधला २०१४ चा एक प्रयोग वाचनात आला. पायऱ्यापायऱ्यांनी करायच्या कामात लोकांना मध्येच अगदी क्षणभर अडवलं. सरासरी २.८ सेकंदांच्या अडथळ्यानं पायरी चुकायचं प्रमाण दुप्पट झालं, ४.४ सेकंदांच्या अडथळ्यानं तिप्पट. माझा फोन साधारण तेवढाच होता.

एका वेळी दोन कामं होतच नाहीत म्हणता, खरं सगळेच तर करायलेत की?

करतात असं वाटतं. डोकं लागणारी दोन कामं आपण एकदम करत नाही, एकातून दुसऱ्यात येरझाऱ्या घालतो. येरझारा पटापट असल्या की एकदम चाललंय असा भास होतो. मल्टिटास्किंग हा शब्दसुद्धा माणसांचा नव्हे. १९६५ च्या सुमाराला आयबीएमनं तो संगणकाबद्दल वापरला, आणि तो संगणकही प्रत्यक्षात आळीपाळीनंच कामं करत होता.

येरझाऱ्यांना किती वेळ लागतो हे मोजायला आर्थर जर्सिल्ड या मानसशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये सुरुवात केली. एकाच प्रकारची गणितं ओळीनं सोडवायला लागणारा वेळ आणि दोन प्रकारची आलटूनपालटून सोडवायला लागणारा वेळ त्यानं ताडून पाहिला. अदलाबदलीत वेळ जास्त गेला. २००१ मध्ये रुबिनस्टाइन, मायर आणि इव्हान्स यांनी दाखवलं की काम जितकं गुंतागुंतीचं, तितका हा दंड जास्त. कारण दर वेळी डोक्याला दोन गोष्टी कराव्या लागतात : आता मला हे करायचंय असं ठरवणं, आणि जुन्या कामाचे नियम बाजूला ठेवून नव्याचे काढणं.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले. डोक्यातला नाका काही उठला नाही. महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या कोगनोळीच्या टोलला गाडी किती का चांगली असेना, वेग कमी करावाच लागतो. दिवसातून एकदा गेलात तर कळतही नाही. सकाळपासून साठ वेळा अलीकडं-पलीकडं केलंत तर दिवस नाक्यावरच जाईल.

मग आमची आई? चुलीपुढं ती चार कामं एकदम करते.

हा प्रश्न बहुधा पुरुष विचारतात, स्वतः न करता. नीट उभं राहून बघा. भात कुकरला आहे, म्हणजे शिजवायचं काम कुकर करतोय. डाळ भिजतेय, म्हणजे पाणी करतंय. आईचे हात आणि डोळे फक्त तव्यावरच्या भाकरीवर आहेत. बाकीची कामं ती करत नाही, त्यांची वाट बघते, आणि वाट बघण्याचा वेळ रिकामा जाऊ देत नाही. वेळेची एवढी चांगली आखणी माझ्या ओळखीच्या एकाही मॅनेजरला येत नाही.

आता भाकरीवर पाणी फिरवून ती उलथायच्या नेमक्या क्षणी विचारा, ‘आई, माझं आधार कार्ड कुठं ठेवलंस?’ पुढं काय होतं ते ठरलेलं. ‘शिट्ट्या तीन झाल्या की चार?’ आणि त्या दिवशी भाताचा गिच्च गोळा. चूक कुणाची, ते तुम्हीच ठरवा.

वडगावात एक माणूस चार-चार यंत्रमाग सांभाळतो. तो?

या प्रश्नानं मला अर्धा दिवस मागाच्या खोलीत बसवलं. खासबागेत ओळखीच्या एका आण्णांकडं गेलो. चार माग, आवाज एवढा की बोलणं ओठांवरूनच समजून घ्यायचं. आण्णा एकाही मागाकडं बघत नव्हते, ते ऐकत होते. चारही मागांचा मिळून एक ठेका बसलेला, आणि तिसऱ्याचा धागा तुटला तसा तो ठेका बदलला. मला काही कळायच्या आत ते तिथं पोचले होते. माग थांबवला, दोन टोकं शोधली, बोटांच्या चिमटीत गाठ मारली, माग सुरू. मध्येच पहिला थांबला. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. हातातली गाठ पुरी झाल्यावरच तिकडं गेले.

विणायचं काम माग करतात, आण्णा राखण करतात. राखण चारांची होते, गाठ एका वेळी एकाचीच. शिवाय ही राखण तीस वर्षांत अंगात मुरलेली. अंगात मुरलेल्या कामाला डोक्याची जागा लागत नाही, म्हणूनच चालता चालता बोलता येतं, टाळ वाजवत पावलीही खेळता येते. तुमच्या ऑफिसातली दोन्ही कामं तशी मुरलेली असतील तर पुठ्ठ्याची गरज नाही. पण मग ती कामं एवढ्यात मशीनच करायला लागेल.

अष्टावधानी माणसं असतात की. ते कसं?

असतात, आणि कर्नाटकात तर ही परंपरा आजही जिवंत आहे. शतावधानी आर. गणेश यांचं नाव आपल्याकडच्या मराठी माणसांनीही ऐकलेलं असतं. अष्टावधान हा श्लोक रचण्याचा आणि स्मरणाचा खेळ, त्यात आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, असतात. कुणी समस्या, म्हणजे पुरी करायची श्लोकाची ओळ, देतो, कुणी ठरावीक शब्द श्लोकात गुंफायला सांगतो, कुणी अमुक अक्षर येता कामा नये म्हणून अडवतो. आणि एक पृच्छक मुद्दाम अवांतर प्रश्न विचारून लक्ष उडवायलाच बसवलेला असतो. त्याला अप्रस्तुतप्रसंग म्हणतात. आपल्या ऑफिसांत ही जागा मोबाईलनं पगार न घेता भरली आहे.

पण बारकाईनं बघा, पृच्छक आळीपाळीनं विचारतात. अवधानी एका वेळी एकाचंच ऐकतो, एक ओळ रचून देतो, पुढच्याकडं वळतो, आणि मागचं सगळं स्मरणात धरून शेवटी पुरं करतो. कौतुक आहे ते स्मरणाचं आणि वळण्याच्या तयारीचं, आणि ती तयारी आयुष्यभराची. आपण बाजारात ‘मी अष्टावधानी आहे’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ एवढाच अर्थ असतो.

काही लोकांना खरंच जमतं असं वाचलं होतं.

बरोबर वाचलंत. वॉटसन आणि स्ट्रेयर यांनी २०१० मध्ये दोनशे जणांना नकली गाडी चालवत फोनवर गणितं सोडवायला आणि शब्द लक्षात ठेवायला लावलं. अडीच टक्के लोकांची कामगिरी अजिबात घसरली नाही. दोनशेत पाच. अडचण अशी की मी त्या पाचांत आहे असं उरलेल्या एकशे पंच्याण्णवांतल्या पुष्कळांना वाटतं. २००९ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ओफिर, नास आणि वॅग्नर यांनी एकाच वेळी अनेक माध्यमं चाळायची सवय असलेल्यांना तपासलं. नको ते गाळण्यात ते मागं पडले, आणि कामं बदलण्यातही. म्हणजे ज्याचा सराव जास्त, त्यातच कच्चे.

दिवसभर मराठी-कन्नड-हिंदी करतो आपण. तेही येरझारेच काय?

बेळगावाबाहेरच्या कुणी हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही, आणि माझ्या मते या पानावरचा हाच खरा प्रश्न.

माझी एक सकाळ सांगतो. समोर बसलेल्या तात्यांशी मराठी. त्यांच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, तो वाचून त्यांना मराठीत समजवायचा. तेवढ्यात जीएसटी खात्याचा फोन, तो कन्नडमध्ये. कापडाच्या व्यापाऱ्याशी हिंदी. पोर्टल इंग्रजीत. आणि फोन ठेवून तात्यांकडं वळलो की गंमत होते, अडखळतो मी मराठीत! जी भाषा दुधाबरोबर आली तिच्यातला ‘हप्ता’ हा शब्द आठवायला दोन क्षण लागतात. मला वाटायचं, वय झालं.

१९९९ मध्ये म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी नेमकं हेच मोजलं होतं. दोन भाषा येणाऱ्यांना आकडे दाखवायचे, आणि पडद्याच्या रंगावरून कोणत्या भाषेत म्हणायचे ते ठरायचं. भाषा बदलली की वेळ वाढायचा, हे अपेक्षितच होतं. पण कच्च्या भाषेत शिरण्यापेक्षा पक्क्या भाषेत परतायला जास्त वेळ लागायचा. कारण असं की कच्ची भाषा बोलताना पक्की तोंडात येऊ नये म्हणून तिला जोरानं दाबून धरावं लागतं. दाबलेली स्प्रिंग लगेच मोकळी होत नाही.

यावर मी एवढंच केलं, की भाषेप्रमाणं कामांचे गठ्ठे बांधले. खात्याचे सगळे फोन दुपारी तीननंतर, एका बैठकीत, कन्नडमध्ये. उतारे वाचायचे तेही त्याच तासात. मराठी गिऱ्हाइकं त्याआधी. माझं कन्नडही त्यामुळं सुधारलं, कारण सलग तासभर त्यात राहता येतं.

चौकात उभं राहून मराठीत कन्नड मिसळून बोलतो ते मात्र या हिशेबात धरू नका. ती आपली बोली आहे, तिथं कुणी कुणाला दाबून धरत नाही. ‘पण’ऐवजी ‘खरं’ म्हणायला मला कुठला नाका लागत नाही.

काम सोडून उठलो तरी ते डोक्यातच फिरत राहतं. त्याचं काय करायचं?

सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये याला ‘लक्षाचा उरलेला गाळ’ अशा अर्थाचं नाव दिलं. पहिलं काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला की मनाचा एक तुकडा मागंच राहतो, आणि दुसरं काम त्या मानानं कमी प्रतीचं होतं.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत हे डोळ्यांनी दिसतं. चौदाशे अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस लॅडलमधून (मोठ्या पळीतून) साच्यात ओतायचा तो एका धारेत. ओतणारा मध्येच थबकला तर आधी पडलेल्या रसावर साय धरते, मागून आलेला तिच्यात मिसळत नाही, आणि आत एक शिवण राहते. कोल्ड शट म्हणतात त्याला. बाहेरून घासून-पुसून कास्टिंग चांगलं दिसतं, मशीनवर गेल्यावर उघडं पडतं. ओतकाम चालू असताना तिथं कुणी मालकाचाही फोन घेत नाही. तोच मालक वरच्या केबिनमध्ये कोटेशन करताना तीन फोन घेतो, आणि आकड्यातली शिवण मग माझ्याकडं येते.

उठावंच लागणार असेल तर उठण्याआधी एका चिठ्ठीवर पुढची पायरी लिहा. ‘काम बाकी’ असं लिहून उपयोग नाही. ‘बिल नं. १४३ पर्यंत झालं, १४४ चा दर विचारायचा’ असं लिहा. पुढं कधी आणि काय करायचं हे ठरवून टाकलं की अर्धवट काम मनाला टोचायचं थांबतं, हे मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये तपासून दाखवलं आहे. माझ्या टेबलावर बिलांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्यासाठीच असतो. या पानावरून एकच गोष्ट उचलणार असाल तर ही उचला, पैसे पडत नाहीत.

माझं किराणा दुकान आहे. समोर गिऱ्हाईक, कानाला फोन, शेजारी यूपीआयचा स्पीकर. मी कुठला पुठ्ठा लावू?

लावू नका, धंदा बसेल. दुकान हे मुळात अडथळ्यांचंच काम आहे, गिऱ्हाईक हाच अडथळा आणि तोच देव. तुमच्याकडं वाचवायच्या जागा दोनच : वजन-पैसे आणि उधारीची वही. काटा स्थिर होईपर्यंत आणि सुटे पैसे हातात पडेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. वही मात्र गल्ल्यावर बसून मधेमधे लिहू नका. सकाळी शटर अर्धं वर असताना पाऊण तास फक्त वही. एका मामींनी हे सुरू केलं, आणि ‘मी कधी घेतलं ओ हे?’ म्हणून होणारी भांडणं कमी झाली असं त्या सांगतात. भांडणाशिवाय करमत नाही, हेही सांगतात.

पंचवीस मिनिटांचं घड्याळ लावायची पद्धत चांगली काय?

पोमोडोरो म्हणतात ती. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. फ्रान्सेस्को चिरिल्लोनं १९८० च्या दशकाच्या शेवटी विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरलं, म्हणून ते नाव. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. सुरुवात करायला उत्तम, विशेषतः नकोशा कामाची. मला पंचवीस कमी पडतात, बँकेच्या पासबुकाशी मेळ घालायला बसलो की तिथं कुठं मन लागायला लागतं. मी एक कप चहा थंड होईपर्यंत बसतो. तुम्ही तुमचं माप शोधा.

शेतात कसं करायचं?

तिथं तुमचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं. थ्री फेज आली की मोटार, मग हातातलं सगळं टाकून पळायचं. मी शेतकऱ्याला लक्ष एकवटायला शिकवणार नाही. औषध फवारणीचं माप काढताना तेवढा फोन शर्टच्या खिशात न ठेवता बांधावर ठेवा.

दहावीचा मुलगा गाणी लावून अभ्यास करतो. म्हणतो, कन्नड गाणी आहेत, शब्द कळतच नाहीत, त्रास कसला?

मुलगा हुशार आहे, पण १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी हा मुद्दा निकालात काढला. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना अक्षरं पाठ करायला दिली आणि मागं जर्मन वाचन लावलं. भाषा कळत नसूनही पाठांतर बिघडलं. माणसाचा बोलता आवाज अर्थ न विचारताच आत शिरतो. गणिताची वही उतरवून काढताना गाणी चालू द्या. इतिहास पाठ करताना बंद. आणि दहावीच्या मराठी माध्यमातल्या मुलाला कन्नड अजून ‘कळतच नाही’ ही काळजीची वेगळी गोष्ट आहे, परीक्षेत तोही विषय आहे.

गाडी चालवताना ब्लूटूथवर बोललं तर चालतं ना? हात तर मोकळे असतात.

नाही. १९९७ चा टोरांटोचा अभ्यास आहे, रेडेलमायर आणि टिबशिरानी यांचा. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा काही फायदा दिसला नाही. चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात गाडी घातली असेल त्याला आकड्यांची गरजही पडू नये.

तुम्हाला स्वतःला जमलं काय?

१० ते १२ बरंचसं. बाकी दिवसाचं विचारू नका. ग्लोरिया मार्क यांच्या २००८ च्या प्रयोगात अडथळे आलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवलं होतं, घाईघाईनं भरपाई करून, पण ताण आणि चिडचिड जास्त होती. मी तसाच आहे. कामं वेळेत होतात, घरी गेल्यावर बायको म्हणते, ‘कुणावरचा राग घेऊन आलाय?’ हल्ली मोबाईल कपाटात ठेवतो आणि किल्ली शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं. तो फार प्रामाणिक आहे, मागितली तरी बाराआधी देत नाही. दोनदा मी त्याच्यावर ओरडलोय.

मग तुम्हाला फोन कधी करायचा?

बारानंतर कधीही. कन्नडमध्ये बोलायचं असेल तर तीननंतर. जीएसटीआर-३बी ची, म्हणजे महिन्याचा कर भरायच्या विवरणपत्राची, मुदत २० तारखेला असते, त्या दिवशी करू नका, झेरॉक्सवालाच उचलेल.